काळ्या पाण्यावरचा एकांत

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममध्ये आमचे घर आहे. कालिदास रोडवरून आत वळले की गजबज एकदम मागे पडते. दारोदारी सकाळची रांगोळी, कुंपणावरून डोकावणारी चाफ्याची फांदी, महाजन कॉलेजकडे निघालेली मुले, असा हा शांत भाग. इथे सगळे आहे, फक्त समुद्र नाही. आणि ही उणीव आमच्या घरात एकाच व्यक्तीला जाणवायची. माझ्या सासूबाईंना.

सासूबाई मालवणच्या. सासरे गेल्यावर तिथले घर विकले आणि त्या आमच्याकडे आल्या, त्याला आता सतरा वर्षे झाली. आल्या तेव्हा ह्यांनी मोठ्या हौसेने त्यांना कुक्करहळ्ळीचे तळे दाखवले. मग कृष्णराजसागराचे दूरवर पसरलेले पाणी दाखवले. सासूबाईंनी सगळे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "पाणी बरां आसा. पण हेका भरती नाय, सुकती नाय. ह्यो कसलो दर्यो?" ओहोटीला मालवणात सुकती म्हणतात.

हे निवृत्त झाले तेव्हा मुलाने सुचवले, "तुम्ही दोघं मालदीवला जा. समुद्राकाठचं छोटंसं हॉटेल, आजूबाजूला कोणी नाही, आठ दिवस नुसतं पडून राहा." कल्पना छान होती. पण ऐंशी वर्षांच्या सासूबाईंना कुठे ठेवायचे? त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता. विचारले तर म्हणाल्या, "माका खंय जावचा नाय. मरच्या आदी एकदा सावरकरांची कोठडी बघूची आसा, बस." त्यांच्या लहानपणी मालवणात पावसाळ्याच्या संध्याकाळी त्यांचे वडील 'माझी जन्मठेप' मोठ्याने वाचून दाखवत. घरातली मुले ऐकता ऐकता रडत, असे त्या सांगतात.

मग दोन्ही इच्छा एकत्र केल्या. आधी अंदमानातले सेल्युलर जेल, आणि नंतर तिथल्याच एखाद्या लहान बेटावर समुद्राकाठी चार रात्री.

नकाशातली सरळ रेघ

नकाशा काढून पाहिला तेव्हा एक गंमत कळली. म्हैसूरवर बोट ठेवून ते सरळ उजवीकडे, पूर्वेला सरकवत न्यावे. चेन्नईच्या खालून ते बंगालच्या उपसागरात शिरते आणि जवळजवळ त्याच रेषेत अंदमानला टेकते. अंतर सुमारे पावणेदोन हजार किलोमीटर, पण अक्षांश जवळपास तोच. म्हणजे आमच्या अंगणातला आणि तिथल्या किनाऱ्यावरचा सूर्य सारख्याच उंचीवरून जाणार. फक्त तिथे तो तासभर आधी पोचणार. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे डिसेंबरात तिथे साडेपाचला लख्ख उजाडते आणि संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो! चहा पिऊन फिरायला निघावे तर अंधार पडलेला.

रात्रीच्या बसने बंगळूरचा विमानतळ गाठला आणि तिथून विमानाने अडीच-तीन तासांत पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये या शहराचे नाव 'श्री विजय पुरम' करण्याचे जाहीर झाले. रिक्षावाले मात्र अजून जुन्याच नावाने बोलतात. विमानतळाला नाव वीर सावरकरांचे. पायऱ्या उतरताना सासूबाईंनी ते वाचले आणि काही न बोलता हात जोडले.

साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत. त्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांचे तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसूच नये अशी योजना. नावातच 'सेल' आहे. बराक नाहीच, प्रत्येकाला वेगळी कोठडी. लांबी साधारण साडेतेरा फूट, रुंदी सात फूट, आणि हात पोचणार नाही इतक्या उंचीवर एक झरोका.

सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. सासूबाई दर दहा पायऱ्यांना थांबत वर चढल्या. १९११ च्या जुलैत सावरकर इथे आले. शिक्षा दोन जन्मठेपांची, एकूण पन्नास वर्षांची. सुटकेचे साल १९६०! १९२१ मध्ये त्यांना हिंदुस्थानातल्या तुरुंगात हलवण्यात आले. पण आले त्या दिवशी त्यांच्यासमोर आकडा होता तो १९६० चाच. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते आणि सुरुवातीला एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

सासूबाई कोठडीत गेल्या आणि भिंतीला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाल्या, "समुद्र हाकेवर आसा, आनि दिसत नाय."

गच्चीवर गेलो तर चारी बाजूंनी निळाशार समुद्र. त्याच्याकडे पाहायला आता लोक पैसे मोजून येतात. आम्हीही त्यांच्यातलेच. दुसऱ्या दिवशी आम्ही विकतचा एकांत भोगायला निघणार होतो, या विचाराने मला जरा ओशाळल्यासारखे झाले.

रामायणातली गावे

आम्ही निवडले होते शहीद द्वीप. त्याचे जुने नाव नील बेट. १८५७ च्या उठावात अलाहाबाद आणि कानपूरकडे निर्दयपणे लोकांना फासावर चढवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचे ते नाव होते. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, आणि या बेटांना 'शहीद' व 'स्वराज' ही नावे सुचवली. त्या घटनेला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा, ३० डिसेंबर २०१८ रोजी, नील बेट शहीद द्वीप झाले आणि शेजारचे हॅवलॉक स्वराज द्वीप.

सरकारी बोटीने दोन तास लागले. धक्का जवळ आला तसा पाण्याचा रंग बदलत गेला. शाईसारखा निळा, मग मोरपिशी, मग कैरीच्या सालीसारखा हिरवा. धक्क्याच्या फळ्यांवरून खाली पाहिले तर तळाची वाळू आणि त्यावरून फिरणारे मासे स्पष्ट दिसत होते.

बेट केवढे? रिक्षाने या टोकापासून त्या टोकाला जायला अर्धा तासही पुरे. गावांची नावे ऐकून सासूबाई खूश झाल्या. रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर! वस्ती बहुतेक बंगाली. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने इथे जमिनी देऊन वसवले. त्यांनी जंगल साफ करून शेते केली. आज वांगी, काकडी, केळी असा भाजीपाला इथून बोटीने पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जातो.

आमचे हॉटेल म्हणजे सहा झोपड्या. लाकडी चौथरा, बांबूच्या भिंती, आत दोन पलंग, मच्छरदाणी, बाहेर दोन खुर्च्या. त्यापुढे समुद्री महुआची दोन मोठी झाडे पाण्याकडे झुकलेली, मग वाळू, आणि मग थेट समुद्र. दूरदर्शन संच नाही. मोबाइल कधी लागे, कधी नाही. जेवणाचे कार्ड नाही. सकाळी मालक विचारायला येई, "आज मछली में क्या बनाऊँ?" आणि जे ठरेल ते रात्री ताटात.

मालक पन्नाशीचा. वडील निर्वासित म्हणून आले तेव्हा याचा जन्मही झाला नव्हता. वाट्याला आलेल्या जमिनीच्या एका कडेला त्याने या झोपड्या उभारल्या होत्या. मागच्या बाजूला त्याची वांग्याची शेती. सासूबाईंना तो पहिल्याच दिवशी 'मासिमा' म्हणू लागला.

पहिल्या दिवशी मला, खरे सांगते, करमेना. तीस वर्षे सकाळी दूधवाला, कुकरची शिट्टी, कामवाली, शेजारीण यांच्यात गेलेली. इथे सहाला उठून बसले तरी करायचे काही नाही. हे पुस्तक घेऊन बसले आणि तिसऱ्या पानावर झोपले. दुपारपर्यंत मी चार वेळा बॅग आवरली. संध्याकाळी मात्र लाटांचा आवाज कानाला सवयीचा झाला. मग लक्षात आले की आम्ही दोघे बऱ्याच वर्षांनी घरखर्च आणि मुले सोडून दुसऱ्या कशावर तरी बोलत होतो.

सासूबाईंना करमण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पहाटेपासून वाळूत. शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे रात्रभर वाळूवर नक्षी काढत, ती त्या वाचत बसत. "ह्यो हयसून इलो, थंयसर गेलो." तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब त्यांनी इथेही लावून पाहिला. तो जुळला नाही. त्यावरून मालकाशी त्यांची जोरदार चर्चा झाली, एकीकडून मालवणी आणि दुसरीकडून बंगाली वळणाची हिंदी. शेवटी ठरले की प्रत्येक समुद्राचे आपले घड्याळ असते.

शंख ठेवून द्या, मासिमा

ओहोटीला मालक आम्हाला लक्ष्मणपूरच्या खडकांकडे घेऊन गेला. तिथे लाटांनी पोखरून झालेली दगडी कमान आहे. बंगाली माणसे तिला कौतुकाने 'हावडा ब्रिज' म्हणतात. पाणी उतरल्यावर खडकांत लहान लहान डबकी राहतात. त्यांत निळे-पिवळे मासे, काकडीसारखा मऊ समुद्री जीव, आणि प्रवाळ. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते असंख्य सूक्ष्म जिवांचे घर असते. बोटभर वाढायला त्याला वर्षे लागतात. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले आणि अंदमानातले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले. त्यात भर म्हणून आपण त्यावर पाय दिला तर उरलेलेही मोडते.

सासूबाईंनी सवयीने एक सुरेख शंख उचलून पदराला बांधला. मालक हळूच म्हणाला, "मासिमा, रख दीजिए. इसमें कोई रहने आएगा." शिंपले, शंख, प्रवाळ नेण्यावर इथे निर्बंध आहेत आणि विमानतळावर सामान तपासले जाते, हे त्याने नंतर सांगितले. पण सासूबाईंना पटले ते पहिलेच कारण. त्यांनी गाठ सोडली आणि शंख जिथे होता तिथे ठेवला.

तिसऱ्या दिवशी मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती होती. सासूबाईंनी घरून सुंठ, खोबरे, साखर आणली होतीच. संध्याकाळी पश्चिमेला सूर्य बुडाला आणि बेटाच्या दुसऱ्या अंगाने नारळांच्या वर चंद्र आला. झोपडीच्या चौथऱ्यावर निरांजन लावून दत्ताची आरती झाली. मालकाची बायको, तिची सून आणि शेजारच्या झोपडीतले कोलकात्याचे जोडपे, सगळे येऊन उभे राहिले. सुंठवडा खाऊन मालकाच्या बायकोने विचारले, "यह तो हमारे यहाँ नहीं बनता. कैसे बनाया?" त्या रात्री मला वाटले, एकांत म्हणतात तो हाच. आयुष्यभर राहावे इथे.

बोट नाही

हा मोह दुसऱ्याच दिवशी उतरला. दुपारनंतर वारा पडला, आभाळ भरून आले. रात्री झोपडीवर पावसाचा मारा. सकाळी परतीच्या बोटीसाठी सामान बांधून बसलो तर मालक छत्री घेऊन आला. "आज जहाज नहीं चलेगा." उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. सगळ्या बोटी बंद. पुन्हा केव्हा? "कल. नहीं तो परसों."

इथे आमची चूक सांगितली पाहिजे. ह्यांनी सकाळची बोट आणि त्याच दिवशी दुपारचे विमान, असे आरक्षण केले होते. नकाशावर अंतर जेमतेम छत्तीस-सदतीस किलोमीटर, मग अडचण काय येणार? अडचण आली. विमान आमच्याशिवाय गेले आणि तिकिटाचे बरेचसे पैसे बुडाले. पण त्याहून मोठी चूक माझी होती. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी दिवस मोजून आणल्या होत्या. डबी उघडली तर एकच गोळी उरली होती.

समोरचा समुद्र आता तोच राहिला नव्हता. कालपर्यंत चित्रासारखा, आज राखाडी, फेसाळ, आणि पलीकडे जाऊ न देणारा. ह्यांचा मोबाइल लागेना. मला २००४ च्या २६ डिसेंबरची त्सुनामी आठवू लागली. मालकाने समजावले, हे वादळही नव्हे, साधे खवळणे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये मात्र हजाराहून अधिक पर्यटक या दोन बेटांवर अडकले होते आणि नौदल व तटरक्षक दलाने त्यांना बाहेर काढले होते. त्याने धीर द्यायला सांगितले, पण माझा धीर आणखी सुटला. मी ह्यांच्यावर चिडले, हे माझ्यावर. जयलक्ष्मीपुरममध्ये दोन चौकांवर औषधाचे दुकान, हाकेवर दवाखाना. आपण कशासाठी आलो इथे?

सासूबाई खुर्चीत बसून पाऊस बघत होत्या. आमचे भांडण ऐकून म्हणाल्या, "त्या कोठडीतल्या मानसाक १९६० साल दाखवलेलां. तुमका उद्या नायतर परवा. येवढ्यार रडतास?"

आम्ही दोघेही गप्प झालो.

मालकाने रिक्षा बोलावली. पावसातून बेटावरच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, तो आमच्यापेक्षा सासूबाईंचाच ठीक असावा! त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. परत आलो तर मालकाच्या बायकोने खिचडी आणि वांग्याची भजी करून ठेवली होती. सासूबाई स्वयंपाकघरात शिरल्या आणि पिशवीतल्या आमसुलांचे सार करून सर्वांना पाजले. मोहरीच्या वासाच्या त्या घरात आमसुलाचा वास दरवळला. वाढदिवसाला व्हावी तशी पंगत बसली. त्या दिवसाचे भाडे मालकाने निम्मेच घेतले. म्हणाला, "आप ठहरे नहीं, रुक गए."

रात्री तो वडिलांच्या गोष्टी सांगत बसला. ती माणसे इथे उतरली तेव्हा बोट केव्हा येईल याचा नेम नसे. मागचे गाव कायमचे सुटलेले. परतीची बोट आली असती तरी तिच्यात बसून जायला जागाच उरली नव्हती. मग शेजारी हाच नातेवाईक झाला.

ऐकताना मनात आले, या एकाच समुद्राकाठी तीन प्रकारची माणसे आली. एकाला साखळदंड घालून आणले, दुसऱ्याला घर सुटल्यामुळे यावे लागले, आणि तिसरे आम्ही, हौसेने आलेले. समुद्र तोच, निर्जन किनाराही तोच. परतीचे तिकीट हातात असेल तोवर त्याला आपण एकांत म्हणतो. ते निसटले की तेच काळे पाणी. आणि अशा वेळी उपयोगी पडतात ती माणसेच, ज्यांच्यापासून दूर जाण्यासाठी आपण बेट शोधत असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडले आणि बोट सुटली. निघताना मालकाच्या बायकोने सासूबाईंना नारळ दिला, सासूबाईंनी तिच्या हातात उरलेली आमसुले ठेवली. बोटीच्या कठड्याला धरून त्या बेट दिसेनासे होईपर्यंत उभ्या होत्या. मी विचारले, "आई, मालवणची आठवण आली?" त्या म्हणाल्या, "दर्यो खंयचोय असांदे गो, खारो तो खारोच. पण मानसां गोडी भेटली."

आता कालिदास रोडवरच्या औषधाच्या दुकानात गेले की मी दुप्पट गोळ्या घेते. सासूबाई हसतात.

जाणार असाल तर...

* जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला. नोव्हेंबर-डिसेंबरात उपसागरातील हवामान बिघडून बोटी बंद होऊ शकतात. मे ते सप्टेंबर पावसाचा.
* शेवटच्या बेटावरून परतणे आणि विमान यांत किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.
* बोटीची तिकिटे आधी काढा. सर्वांची ओळखपत्रे जवळ हवीत. भारतीय नागरिकांना शहीद द्वीप आणि स्वराज द्वीपासाठी वेगळा परवाना लागत नाही.
* औषधे ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट न्या, डॉक्टरांची चिठ्ठीही बरोबर ठेवा. पुरेशी रोख रक्कम जवळ असू द्या.
* लहान हॉटेल ठरवताना विचारा: समोरचा किनारा वाळूचा की खडकाळ? ओहोटीला पोहता येते का? वीज गेल्यास काय सोय? आरोग्य केंद्र किती दूर? वयस्कर माणसांना पायऱ्या किती?
* पाण्यात उतरण्यापूर्वी सूचनाफलक वाचा आणि स्थानिकांना विचारा. अंदमानच्या खाड्यांत व काही किनाऱ्यांवर मगरी आढळतात.
* दिवस पाच वाजता संपतो हे लक्षात ठेवून फिरण्याचा बेत सकाळीच आखा.